नानांची मास्तरीणबाई

नानांच्या फोनमधून त्या बाईंना मी काढून टाकलं. सरकारनं नाही, मी. एका रविवारी सकाळी, नाना आंघोळीला गेलेले असताना, त्यांच्याच पलंगावर बसून.

नाना म्हणजे माझे वडील. आणि त्या बाई म्हणजे चीनमधल्या एका गावातल्या निवृत्त शाळामास्तरीण. आमच्या धारच्या घरातल्या या म्हाताऱ्याला त्या फोनवरून चिनी अक्षरं लिहायला शिकवत होत्या. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, नानांनीही नाही. मी आधी त्यांचा नंबर अडवला, मग ते अख्खं अ‍ॅपच काढून टाकलं आणि फोन होता तसा उशीशेजारी ठेवला. नाना अंग पुसत बाहेर आले तेव्हा म्हणालो, "नाना, तुमचं ते अ‍ॅप सरकारनं बंद केलं. चिनी आहे ना."

"असं का," नाना म्हणाले. टॉवेल दोरीवर टाकला आणि देवाला फुलं वाहायला गेले. त्या वर्षी सरकारनं बरीच चिनी अ‍ॅप खरोखरच बंद केली होती. नानांचं हे मात्र चालू होतं. खऱ्यांच्या गर्दीत मी माझं एक खोटं ढकलून दिलं आणि ते कुणाला दिसलंही नाही.

आज गच्चीवर आलोय. नाना खाली आहेत. त्यांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. गच्चीवर कोटा दगडाच्या फरश्या आहेत, निळसर करड्या, पाटीच्या रंगाच्या. पलीकडे किल्ल्याचा लाल तट दिसतो, अलीकडे पाण्याची टाकी. शेजारच्या काकींच्या गच्चीवर लसूण वाळत घातलाय, त्याचा वास इथवर येतो. सकाळी फरशी गार असते. तिच्यावर पाणी पडलं की एक वास सुटतो. मातीचा म्हणतात तो हा नव्हे. हा दगडाचा, काहीसा लोखंडी, थोडा शाळेतल्या ओल्या पाटीसारखा. नाना रोज उजाडल्यावर या वासात तासभर असायचे. त्या तासातला आनंद मी काढून घेतला. असं लिहायला सोपं जातं. तेव्हा मात्र मी त्यांना वाचवतोय असंच मला वाटत होतं.

माझा स्वभाव संशयी आहे, आणि पगारही मला त्याचाच मिळतो. देवासच्या एका कारखान्यात येणारा माल तपासायचं काम माझं. ट्रक फाटकातून आत आला की मी पुढे. पेटीचं सील बघायचं, कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन ताडून पाहायचं, वरचा थर चांगला असला तर खालचा उचकून बघायचा. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरीही वरचा थर उचकायला लागतो. भाजीवाल्यानं जास्तीची कोथिंबीर दिली तर मी भाजी निवडून बघतो. मंजिरी, माझी बायको, म्हणते, "तुम्हाला कुणी नमस्कार केला तरी तुम्ही त्याचे हात बघता."

नाना अगदी उलटे. सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन होते. नकाशे काढायचे आणि नकाशांवर नावं लिहायची. आमचं घराणं कधी काळी धारच्या दरबाराशी बांधलेलं. दरबार गेला, मागे घरात थोडी भांडी राहिली, नात्यांची जुनी नावं राहिली आणि अक्षराचा अभिमान राहिला. मी शिकलो हिंदी शाळेत. मराठी नानांनी घरी शिकवली, तीही नाव काढण्यासारखी नाही. अजून मराठी पुस्तक वाचताना माझं बोट ओळीखाली लागतं.

लहानपणीची ती संध्याकाळ मला अजून नाकानं आठवते. रॉकेलच्या स्टोव्हचा वास, माईनं, म्हणजे माझ्या आईनं, टाकलेली मोहरी, आणि जमिनीवर ठेवलेल्या पाटीवर फडक्यानं पुसलेलं पाणी. नाना खडूनं मोठं अक्षर काढून द्यायचे आणि मी त्याच्यावरून गिरवायचं. मी घाईत उलट्या बाजूनं सुरुवात केली की नाना पाठमोरे बसलेले असूनही नंतर ओळखायचे.

"खालून वर गेलास ना?"

"नाही नाना."

"गेलास. रेघ जिथं सुरू होते तिथं जाड असते. बघ, तुझी खाली जाड आहे."

मी गुपचूप पुसून पुन्हा काढायचो. दसऱ्याला पाटीपूजन. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, ओळीनं एक एक एक, आणि त्यांच्यातून ती उभी राहायची. झेंडू, आपट्याची पानं, हळद. नाना म्हणायचे, हे चित्रही आहे आणि लिखाणही आहे, म्हणून हिला हात लावताना हात धुवून घे. मला ते तेव्हा कळलं नाही. चाळीस वर्षांनी एका चिनी पोराला नानांनी हीच सरस्वती काढून दाखवली, तेव्हा त्याला मात्र पटकन कळली.

तो पोरगा लिन. आमच्या कारखान्यात चीनहून मोठं यंत्र आलं, त्याच्याबरोबर ते बसवायला आला. यंत्र पाइनच्या फळ्यांच्या खोक्यांतून आलं होतं. खोकी उघडली की अख्ख्या गोदामात एक गोडसर राळेचा वास पसरायचा. मालवा सोडून कुठं डोंगरात गेल्यासारखं वाटायचं. फळ्या फेकून देणार होते, त्यांतल्या काही मी धारला आणल्या. सुतारानं त्यांची स्वयंपाकघरात मांडणी करून दिली. फळ्यांवर काळ्या रंगात चिनी अक्षरं छापलेली होती. माईनं त्यांच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या.

लिन देवासच्या गेस्ट हाउसमध्ये एकटाच राहायचा, उकडलेला भात आणि अंडी खायचा. मला कीव आली. कीव आली की संशय थोडा वेळ गप्प बसतो. एका रविवारी मी त्याला धारला घेऊन आलो. माईनं वरण-भात, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं वाढलं. तो लोणचं घ्यायला उठला, मांडणीपुढे उभा राहिला आणि एकदम हसायला लागला. हसता हसता खाली बसला. मोडक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं ते मी मराठीत केलं: एका फळीवर लिहिलंय 'ही बाजू वर', आणि ती फळी सुतारानं उलटी ठोकलीय. दुसरीवर लिहिलंय 'हळू ठेवा'.

"बघा," माई नानांना म्हणाली, "लाकडालासुद्धा कळतं. तुम्ही बरणी आपटता ती आपटताच."

नानांनी मात्र विचारलं, "यातलं 'वर' कोणतं?"

तिथून ते सुरू झालं. लिननं बोटानं ओट्यावरच्या पिठात काढून दाखवलं. माणूस म्हणजे दोन रेघा, एकमेकींना टेकलेल्या. झाड म्हणजे खोड, आडवी फांदी आणि दोन मुळं. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विसावा. दोन झाडं शेजारी उभी केली की रान, आणि त्याचं स्वतःचं आडनावही तेच. नाना लहान मुलासारखे पुढे सरकले. घर कसं लिहितात? लिननं वर छप्पर काढलं, खाली काहीतरी गुंतागुंतीचं. हे काय? तो जरा लाजला. डुक्कर.

"घरात?" नाना माझ्याकडे वळले. "माईला सांगू नकोस हं."

"ऐकलंय मी," माई म्हणाली. "आधी तुमच्या खोलीचा पसारा आवरा, मग त्यांना हसा."

लिन त्या हिवाळ्यात बऱ्याचदा आला. एकदा येताना त्यानं काठीला स्पंजाचा टोकदार तुकडा बांधून आणला. त्याच्या गावी म्हातारी माणसं सकाळी बागेत फरशीवर पाण्यानं लिहितात, म्हणाला. कागद लागत नाही, शाई लागत नाही, जागा पुरते. नाना त्याला घेऊन गच्चीवर गेले. मी खाली गराडूचा कंद तळल्याच्या वासात बसून होतो. वरून दोघांचे आवाज येत होते. एक मराठी बोलतोय, एक चिनी, आणि दोघंही हसतायत. मला तेव्हाही मनात आलं होतं, एवढं काय बोलत असतील?

लिन परत गेला आणि जाताना नानांना आपल्या आईच्या हवाली करून गेला. त्याच्या आईनं उभा जन्म पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवली होती. नाना त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. नाना गच्चीवर अक्षर लिहायचे, फोटो काढून पाठवायचे. बाई त्याच फोटोवर लाल रंगानं रेघा दुरुस्त करून, रेघांना आकडे घालून परत पाठवायच्या. पहिली ही, मग ही, मग ही. बस, एवढंच बोलणं.

पाण्यानं लिहिलेल्या अक्षराची एक गंमत आहे. आधी काढलेली रेघ आधी वाळते. आमच्या मालव्याच्या उन्हात तर बघता बघता. त्यामुळे फोटोत अक्षराचा एक भाग फिका आणि एक गडद दिसतो, आणि जाणकाराला कळतं की कोणती रेघ आधी काढली. नानांनी क्रम चुकवला की बाई तिकडे हजारो मैलांवर बसून पकडायच्या.

"अरे, काल मी मधली रेघ शेवटी काढली," नाना मला फोनवर सांगायचे. "पकडलं बाईंनी. मी तुला पकडायचो ना, तसंच." त्यांच्या आवाजात पकडलं गेल्याचा आनंद असायचा. या वयात त्यांची चूक काढायला कुणी राहिलंच नव्हतं, सगळे त्यांना 'हो नाना' म्हणून मोकळे व्हायचे.

बाई काही अक्षरांभोवती लाल वर्तुळही काढायच्या. नाना ती अक्षरं चुकली समजून पन्नास पन्नासदा पुन्हा लिहायचे. पुढे लिनच्या निरोपातून कळलं, त्यांच्याकडे चांगल्या अक्षराला वर्तुळ करतात. "म्हणजे मी बरोबर होतो तेच सुधारत बसलो," नाना म्हणाले आणि खूप हसले. शेजारच्या काकी त्यांच्या गच्चीवरून विचारायच्या, "बासाब, यो कईं मांडणो है? सूखी जाय, तो कईं फायदो?" वाळून जाते तर या रांगोळीचा फायदा काय, असं. काकींचे मांडणे गेरूचे आणि खडूचे, दिवाळीला काढले की होळीपर्यंत टिकायचे. नाना म्हणायचे, "काकी, वाळतं म्हणून तर उद्या जागा मिळते."

मग माई गेली. पावसाळा संपता संपता, सोयाबीन कापणीला आलं होतं तेव्हा. शेतांकडून तो सुकलेल्या शेंगांचा वास यायचा आणि घरात लोक. दिवस झाले, लोक पांगले, मी देवासला परतलो. नाना एकटे राहिले. देवासला चला म्हटलं तर म्हणाले, "तुमच्याकडे गच्ची सामायिक आहे."

त्यानंतरच्या एका रविवारी मी धारला गेलो तेव्हा नाना फोनकडे बघून हसत होते. माईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी खोलीत आल्यावर त्यांनी फोन पालथा ठेवला. कदाचित नुसताच ठेवला असेल. मला तो पालथा दिसला.

"कोण?"

"मास्तरीणबाई."

"एवढं काय हसण्यासारखं?"

"तुला नाही कळणार. अक्षरं यायला पाहिजेत." ते चेष्टेत म्हणाले. पण मला ते लागलं. माझे वडील आता अशा काही गोष्टीवर हसत होते जी मला वाचता येत नव्हती.

सीमेवर तेव्हा गडबड सुरू झाली होती. देवासच्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर रोज काहीतरी यायचं, चिनी बल्बपासून चिनी मांजापर्यंत सगळ्यांत काहीतरी लपवलेलं असल्याचं. कारखान्यात त्या यंत्राच्या पडद्यावरची अक्षरं बदलली तरी लोक मागे सरकायचे. पुढच्या वेळी धारला गेलो आणि नाना झोपलेले असताना त्यांचा फोन उघडला. कुलूप नव्हतंच. त्यांना कुणापासून काही झाकायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आत फोटोच फोटो. टाकी. विजेचा खांब. रोहित्र. मोबाईलचा टॉवर. पूल. किल्ल्याचा तट आणि त्याचं दार. प्रत्येक फोटोत खाली फरशीवर किंवा कठड्यावर पाण्याचं एक अक्षर, आणि परत आलेल्या फोटोत लाल वर्तुळ. किल्ल्याच्या बुरुजाशेजारी लाल वर्तुळ. टाकीखाली लाल वर्तुळ. नाना ज्या वस्तूचं अक्षर शिकायचे त्या वस्तूचा फोटो काढायचे, कारण आपण काय लिहिलंय हे बाईंना सांगायला दुसरी भाषाच नव्हती. हे मी आज एका वाक्यात लिहितो. तेव्हा मात्र मला फक्त लाल वर्तुळं दिसत होती.

मी त्यांतले काही फोटो माझ्या फोनवर घेतले आणि देवासला वर्माला दाखवले. वर्मा आमच्याच स्टोअरमध्ये, माझ्याहून लहान, सगळ्या गोष्टींचा जाणकार. फोटो मोठे करून बघत म्हणाला, "भिया, ये तो सीधे-सीधे लोकेशन भेजी जा रही है।"

"अरे, माझे वडील आहेत ते!"

"डोकरे लोगों को ही तो फँसाते हैं भिया। अकेला आदमी, माता जी शांत हो गईं, ऊपर से मीठी-मीठी मैडम। आप देख लेना, आज फोटो, कल ओटीपी।"

मंजिरीला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग नानांनाच विचारा ना."

"ते खरं सांगतील?"

तिनं मान वर केली. "नानांनी कधी खोटं सांगितलंय तुम्हाला?"

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तरावरही मी संशय घेतला असता. मी नाना आंघोळीला जायची वाट बघितली.

त्यानंतरची वर्षं मला आठवतात ती एका प्रश्नानं. मी धारला जायचो, नाना पाणी द्यायचे, घरची चौकशी करायचे आणि मग विचारायचे, "ते सरकारचं काही सुरू झालं का रे?" मी म्हणायचो, "नाही अजून." पहिल्यांदा ते जड गेलं. पुढे पुढे ते 'पाऊस झाला का, नाही झाला' इतकं सोपं झालं. एकदा तर मी बातमी वाचल्यासारखं म्हणालो, "आणखी कडक केलंय." नाना म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. सीमेवर पोरं मरतायत." त्यांना सरकारवरही राग नव्हता.

गच्चीवर ते लिहीतच होते. उन्हाळ्यात पाणी टेकवताच वाळायचं, ते दोन फरश्यांवर भराभर लिहायचे. थंडीत अक्षर बराच वेळ टिकायचं, त्याच्यावर आभाळ दिसायचं. मी जिन्यातून बघायचो. एकदा हातातली काठी टेकवून ते तसेच उभे होते.

"काय झालं नाना?"

"हे आठवत नाही. आत एक रेघ आहे की दोन?"

"असेल काहीतरी."

"असेल काहीतरी म्हणजे?" ते पहिल्यांदा चिडले. मग शांतपणे म्हणाले, "चूक लिहितोय की बरोबर, मला आता कळत नाही. सांगणारं कोणी नाही ना. चुकीचंच पक्कं होत चाललंय."

मी तेव्हा सांगू शकलो असतो. खिशात फोन होता. ते अ‍ॅप परत टाकायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नसता. पण मग आधीचं सगळं सांगावं लागलं असतं. "चला, खाली चहा झालाय," मी म्हणालो. पुढच्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे गेले आणि काठी जिन्याखाली राहिली. स्पंज वाळून दगडासारखा झाला.

गेल्या थंडीत लिन परत आला. यंत्राचा एक मोठा भाग बदलायचा होता, व्हिसा पुन्हा मिळायला लागले होते. आता तो पोरगा राहिला नव्हता. पोट सुटलं होतं, मुलीचा फोटो दाखवला. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसला, चमचा खाली ठेवला आणि जरा दबकत विचारलं, "तुमचे वडील कधी गेले?"

"गेले? नाही. आहेत की. धारला आहेत."

 तो म्हणाला, "आईला वाटलं ते गेले. म्हातारं माणूस रोज लिहितं आणि एक दिवस एकदम थांबतं. आई म्हणाली, ते गेले असणार. ती रडली होती." आणि मग, "का थांबले?"

"अ‍ॅप बंद झालं," मी म्हणालो. इंग्रजीतही ते तितकंच सोपं गेलं.

तो रविवारी यायचंच म्हणाला. मी आधी टाळलं. नाना झोपून असतात, प्रवास लांब आहे, यंत्राचं काम आहे. घरी आल्यावर मंजिरीला सांगितलं.  ती एवढंच म्हणाली, "त्या बाई तुमच्या वडिलांना मेलेले समजून बसल्यात. अजून किती दिवस समजू द्यायचं?"

रविवारी लिन आणि मी निघालो. इंदूर सोडलं, बेटमा गेलं, दोन्ही बाजूंना गहू हिरवागार होता. लिन मजेत होता, रस्त्यावरच्या पाट्यांवरची हिंदी अक्षरं मला विचारत होता. मी गाडी चालवत हिशोब करत होतो. नानांना इंग्रजी जेमतेम. लिनला मराठी नाही. मध्ये मी. दोघांमधला प्रत्येक शब्द माझ्या हातून जाणार, तो मला हवा तसा वळवता येईल. असं मनात येत होतं, आणि घाटाबिल्लोदजवळ माझी मलाच शिसारी आली. तरी मी काही ठरवलं नव्हतं. हे प्रामाणिकपणे लिहितो.

नाना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. धुतलेलं धोतर, कोट. लिननं वाकून नमस्कार केला. नानांनी त्याला खाली ओढून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाड झाला रे हा," मला म्हणाले. लिननं विचारलं काय म्हणाले, मी सांगितलं, तो पोट धरून हसला. मग त्यानं फोन काढला आणि आईला लावला.

पडद्यावर एक लहानखुरी म्हातारी आली. पांढरे आखूड केस, जाड चष्मा, निळा स्वेटर. ती आधी लिनशी बोलत होती. मग लिननं फोन नानांकडे वळवला. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं. बाईंनी तोंडावर हात धरला. नाना उठायचा प्रयत्न करत होते, गुरूसमोर बसून कसं राहायचं. गुडघ्यांनी उठू दिलं नाही, तेव्हा बसल्या बसल्या त्यांनी हात जोडले. बाई भराभर काहीतरी बोलल्या. लिन मला म्हणाला, "आई विचारतेय, इतकी वर्षं कुठं होता? तुम्ही गेलात समजून ती रडली होती."

मी नानांना सांगितलं.

पण नाना फोनकडे बघत होते. फोनच्या कोपऱ्यातली खूण त्यांनी ओळखली होती. "अरे, हे तर तेच अ‍ॅप!" ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "चालू आहे की हे. सरकारनं परत सुरू केलं वाटतं. कधी रे? तुला कळलं नसेल कामाच्या गडबडीत."

मी मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांनी प्रश्नही विचारला होता आणि उत्तरही स्वतःच देऊन ठेवलं होतं. खोलीत सगळे हसऱ्या चेहऱ्यांनी माझ्याकडे बघत होते. कुणालाही कसलाही संशय नव्हता.

"नाना, ते बंद झालंच नव्हतं," मी म्हणालो. "सरकारनं काही केलं नाही. मी काढलं. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा."

नानांचे हात अजून जोडलेलेच होते. ते हळूहळू मांडीवर आले. "का रे?"

"टाकीचे फोटो, टॉवरचे, किल्ल्याचे. मला वाटलं कुणीतरी तुम्हाला फसवतंय. आणि..." पुढचं नानांच्या पायांकडे बघत म्हणालो. "आणि माई जाऊन वर्षही झालं नव्हतं."

नानांना ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी माझ्यावरून नजर काढून खिडकीकडे लावली. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मला विचारायचंस," ते म्हणाले. "मी सांगितलं असतं."  फोनमध्ये बाई वाट बघत होत्या, एकदा नानांकडे, एकदा लिनकडे.

"नाना, माझं चुकलं. फार चुकलं. मला माफ करा."

"मला काय सांगतोस," नाना खिडकीकडे बघतच म्हणाले. "आमचं बघू नंतर. त्या तिथं बसल्यात. मला मेलेला समजून रडल्या त्या. त्यांना सांग."

मी लिनकडे वळलो. इंग्रजीत सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. कँटीनमध्येही खोटं बोललो होतो, तेही. लिनच्या चेहऱ्यावरचं हसू एकेका वाक्याबरोबर उतरत गेलं. मग तो फोनकडे वळला आणि आईशी बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मी दोन मिनिटांत सांगितलं, त्याला इतका वेळ का लागतोय? तो काय सांगतोय? मला सांभाळून घेतोय, की स्वतःचं काही घालतोय? जुनी सवय, ती वर आलीच. बाईंचा चेहरा मला वाचता येत नव्हता. त्यांनी एकदा चष्मा काढून पुसला. लिन थांबला. तू काय सांगितलंस, हे मी त्याला विचारणार होतो.

विचारलं नाही. लिनच्या हातातून फोन घेतला, खाली नानांच्या खुर्चीशेजारी बसलो, म्हणजे आम्ही दोघंही बाईंना दिसू. मला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना माझी. मला जी येते त्या मराठीतच बोललो.

"बाई, यांची काही चूक नव्हती. यांना तर माहीतही नव्हतं. हे रोज लिहीत होते, तुमची वाट बघत होते. तुमच्या विद्यार्थ्याला तुमच्यापासून मी तोडलं. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाईट तेच वाचलं. मला माफ करा."